सेहेचाळीस पावले

झुंबरबाईंना लिहिता-वाचता येत नाही. शालेय पोषण आहाराच्या हजेरीपत्रकावर गेली वीस वर्षे त्या डाव्या अंगठ्याचा ठसा देत आल्या आहेत. तरीही पांझरेकाठच्या एका चार इयत्तांच्या शाळेत, तीस वर्षांत आलेल्या प्रत्येक मुलाने एक धडा कधीही विसरणार नाही असा पक्का केला, आणि तो त्यांनीच शिकवलेला होता. हा धडा शिकवण्याची वेळ त्यांच्यावर का आली, ते सांगणे माझ्याकडे लागते. गावाचे नाव लिहीत नाही. तेथील मुलांना पुढे कोणी त्यावरून चिडवू नये, एवढेच कारण.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात, प्रथम सत्राची परीक्षा संपून तपासणी चालू असताना, त्या शाळेच्या मुख्याध्यापिका संघमित्रा मॅडम माझ्या देवपूरच्या घरी आल्या. त्यांचे यजमान वरणगावच्या कारखान्यात नोकरीला असल्याने शनिवार-रविवार त्या तिकडे जातात. हा गुरुवार होता. हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. पाणीसुद्धा न घेता त्यांनी विचारले, "सर, तुम्ही आमच्या शाळेत मुख्याध्यापक होता ना?"

"अठ्ठ्याऐंशीच्या जूनपासून शहाण्णवच्या मेपर्यंत," मी म्हणालो.

"मग एक सांगा. मैदानाच्या मधोमध काय आहे?"

मी म्हणालो, मैदान आहे.

त्यांनी अडचण सांगितली. शाळेला दोन नव्या खोल्या मंजूर झाल्या होत्या. जागा मैदानाच्या मध्यावर निश्चित झाली होती. सोमवारी खोदाई सुरू व्हायची होती, आणि जागा निर्वेध असल्याच्या दाखल्यावर मॅडमना सही करायची होती. त्या सहीखाली बांधलेल्या खोल्यांत पुढची पन्नास वर्षे मुले बसणार होती. मॅडमना सही करवत नव्हती, आणि त्याचे कारण त्या गठ्ठ्यात होते.

पहिली उत्तरपत्रिका दुसरीच्या गणिताची होती. प्रश्न नेहमीचाच: शाळेच्या पायरीपासून फाटकापर्यंत अंतर पावलांनी मोजा. अकरा मुले, आणि अकरांचे उत्तर सेहेचाळीस.

"नक्कल," मी म्हणालो. लहान-मोठ्या मुलांची पावले सारखी नसतात. अकरा जणांची अकरा उत्तरे यायला हवी होती.

"मलाही तसेच वाटले. मी स्वतः मोजले. दुसरीतल्या आमिरच्या पावलाने, त्याला सरळ चालायला लावून. चाळीस भरली. सरळ चालायला तो रडला, सर."

दुसरा कागद तिसरीच्या परिसर अभ्यासाचा. 'आपल्या शाळेचा नकाशा काढा.' नऊ नकाशे होते. फाटक, पायरी, निंब, ध्वजस्तंभ, नळ, स्वयंपाकाची खोली, सगळे जागच्या जागी. मैदानाला सर्वांनी पिवळसर रंग दिला होता, आणि मधोमध एक गोल कोरा सोडला होता. कोणाचा रंग चुकूनही त्या गोलात गेलेला नव्हता. इंग्रजीच्या चित्रात ट्री, गेट, फ्लॅग अशी नावे होती. गोलापुढे रेघ ओढून तिच्यापुढे काहीच लिहिलेले नव्हते. कलेच्या तासाला घातलेल्या रांगोळीचे छायाचित्र मॅडमनी मोबाईलवर दाखवले. तिच्याही पोटात तोच गोल रिकामा. शेवटी मराठीची पाच वाक्ये, 'माझी शाळा'. चौथ्या वाक्याला बहुतेकांनी एकच गोष्ट लिहिली होती: आम्ही मधून जात नाही.

"का जात नाही, विचारले का?"

"विचारले. माहीत नाही म्हणतात. खोटे बोलत नाहीत, सर. खरेच माहीत नाही."

मी चष्मा काढून पुसला. मैदानाच्या मध्यावर एके काळी काय होते, हे मला माहीत होते. तेथे गावाची जुनी विहीर होती. नळयोजना आली, विहीर वापरातून गेली, आणि चौऱ्याण्णव सालच्या उन्हाळी सुट्टीत ती बुजवण्यात आली. शाळा उघडल्यावर मी सपाट मैदान पाहिले आणि मालमत्ता नोंदवहीत स्वहस्ते लिहिले: विहीर पूर्णपणे बुजवली. आज तेथे एक दगडही दिसत नाही. या मुलांचे आईवडील तेव्हा पहिली-दुसरीत होते. पुस्तकात हे नाही, नकाशात नाही. मग सात वर्षांच्या मुलाला विहिरीचा घेर कुठून कळावा?

मॅडमना मी एवढेच म्हणालो, "सही करायला हरकत नाही. तरी उद्या येतो."

शुक्रवारी साडेबाराला मी वऱ्हांड्यात खुर्ची टाकून बसलो. जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली. सदतीस मुले पायरीवरून धावत सुटली. ऊन सरळ डोक्यावर होते, मैदानात सावली म्हणून नव्हती. पहिली सात-आठ मुले मध्याजवळ पोचली आणि, वेग कमी न करता, डावीकडे वळली. त्यांच्या मागची तशीच. काही उजवीकडून गेली. ओढ्यात खडक असावा आणि पाणी दोन्ही अंगांनी जावे, तशी ती मुले मधल्या काहीच नसलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंनी वाहत गेली आणि पलीकडे पुन्हा एक झाली. त्यांनी खाली पाहिले नाही. त्यांचे आपसातले भांडणही तुटले नाही.

जेवणानंतर चेंडू घरंगळत मध्यावर गेला. खेळ थांबला. मुले कडेने उभी राहिली. कोणी कोणाला जा म्हणेना. शेवटी मॅडम सवयीने आत गेल्या, चेंडू उचलून आणला, आणि खेळ पुन्हा सुरू झाला.

माझ्या शेजारी शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष जीवनभाऊ येऊन उभे होते. खोल्या मंजूर व्हाव्यात म्हणून त्यांनी दोन वर्षे चपला झिजवल्या होत्या. ते हसून म्हणाले, "आबा, पोरं घाबरतात म्हणून जागा बदलायची म्हटलं, तर तुमच्या मास्तर लोकांनाच आधी गावाबाहेर ठेवावं लागेल."

"कशामुळे जात नसतील, भाऊ?"

"सवय हो. मी पण या शाळेतलाच. मी पण जायचो नाही."

"आणि आता?"

जीवनभाऊंनी मैदानाकडे पाहिले. फाटकापासून वऱ्हांड्यापर्यंत ते नुकतेच चालत आले होते. आपण कसे आलो, हे ते आठवत असावेत. मग म्हणाले, "हा मुरूम कसा दगडासारखा बसलाय बघा. पाया घालायला यापरीस जागा नाही." आणि विषय संपवला.

त्या गर्दीत एक मुलगी मला वेगळी दिसली. मिसबाह तिचे नाव. वडिलांनी जळगावची पाईपच्या कंपनीतली नोकरी सोडल्यामुळे आठच दिवसांपूर्वी ती दुसरीत दाखल झाली होती. डबा घरून आणत असे, म्हणून पंगतीतही बसत नसे. तीही वळून जात होती. मी तिला जवळ बोलावले.

"तुला कोणी सांगितलं, बेटा, मधून जायचं नाही म्हणून?"

"कुणी नाही."

"मग?"

तिने चप्पल काढून हातात घेतली आणि मला पाय दाखवला, जणू उत्तर तळव्यावर होते. "तिथं थंड लागतं."

मी या वयात मैदानावर बूट काढले. मोजे नीट घडी करून आत ठेवले. ऑक्टोबरातल्या दुपारी मुरूम असा तापतो की तळव्याला चटका बसावा. पहिली आठ-दहा पावले तसा बसलाही. पुढे तो कमी झाला. मग थांबला. मी मध्यावर उभा राहिलो. घरात पहाटे शहाबादी फरशीवर पाय पडावा, तसे थंड लागत होते. आजूबाजूची सदतीस मुले खेळ थांबवून माझ्याकडे पाहत होती.

"गुरुजी," स्वयंपाकाच्या खोलीच्या दारातून आवाज आला. "तठे नका उभं राहू. हळूच मांगे या. जोरात पाय नका टाकू."

त्या झुंबरबाई. हातातला खिचडीचा मोठा डाव त्यांनी खाली ठेवलेला नव्हता. वय पंचावन्नच्या आसपास, अंगाने किरकोळ, उन्हात रापलेल्या. बुद्धविहाराच्या पलीकडे दुसरे घर त्यांचे. यजमान झिपरू बैलगाडीवर मजुरी करीत. त्यांना जाऊन बारा वर्षे झाली. या बाई कोणाशी मोठ्याने बोललेल्या मी ऐकल्या नव्हत्या.

मी मागे आलो. त्यांनी मला स्वयंपाकखोलीच्या ओट्यावर बसवले, तांब्यातून पाणी दिले, आणि मग म्हणाल्या, "हीर भरेल नही शे."

मी म्हणालो, विहीर भरलेलीच आहे, सत्तर ट्रॉली मुरूम पडला आहे, तशी नोंद आहे.

"सहा पडनात. मी मोजेल शेत. मी नि मन्हा घरवाला, दोन्ही त्या कामवर व्हतात." त्यांनी डावाने जमिनीवर एक रेघ ओढली, मग तिच्यावर आडव्या रेघा. "जुनी धर्मशाळा पाडी व्हती. तिन्या सागन्या तुळया आडव्या टाक्यात. त्यावर पत्रा. त्यावर दीड हात मुरूम. खाले बठ्ठं खाली."

संघमित्रा मॅडम दारात उभ्या होत्या. आठ वर्षे त्या पोकळीवरून त्या चेंडू आणत आल्या होत्या.

"हे तुम्ही कोणाला सांगितले का नाही?" मी विचारले. आवाज थोडा चढला असावा.

"सांगेल शे. तुमलेच."

"मला? शक्य नाही."

"शाळा उघाडनी त्याना दुसरा दिन. तुम्ही वहीमा लिखी राहिंतात. मी दारशी उभी व्हतू. तुम्ही सांगं, बाई, नोंद झाई गई."

मी म्हणालो, असे काही घडलेले नाही. घडले असते तर मी पाहणी केली असती. झुंबरबाईंनी वाद घातला नाही. मुलांच्या ताटल्या गोळा करता करता त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तुम्ही लिखं, म्हणीसन हीर भराई गई का, गुरुजी?"

पुढचे त्यांनी मॅडमना सांगितले, मला नव्हे. त्या सालापासून त्या शाळेच्या फाटकाशी बोरे आणि चिंचा घेऊन बसू लागल्या. जे मूल मैदानाला वळसा घालून येई, त्याच्या ओंजळीत दोन बोरे जास्त पडत. मधून येणाऱ्याला मिळत नसत. कारण त्या सांगत नसत. पुढे शाळेत खिचडी शिजू लागली, तेव्हा त्यांनी ते काम मागून घेतले. दर जूनमध्ये पहिलीच्या मुलांची ओळ करून त्या फाटकाजवळच्या नळावर हात धुवायला नेत, पायरीपासून फाटकापर्यंत आणि परत, मोठ्याने पावले मोजत. स्वतःच्या नव्हे, सर्वांत लहान मुलाच्या पावलांना पाऊल जुळवून. बाकीच्यांनी त्या ठेक्यात चालायचे. सेहेचाळीस. जुलै संपेपर्यंत ओळ आपोआप वळे. ऑगस्टात त्या सोबत जाणे बंद करीत.

मॅडमनी विचारले, "पण विहीर आहे म्हणून का सांगितले नाही मुलांना?"

"पोरेस्ले सांगं का अठे हीर शे, ते त्या वाकी वाकी दखाले जातीन," झुंबरबाई म्हणाल्या. "काहीच नही सांगं, ते फिरीसन जातस."

"आणि मिसबाह?"

झुंबरबाईंनी त्या मुलीकडे पाहिले. ती कडेला, चप्पल हातात धरून उभी होती. "तिले मी नही सांगं," त्या म्हणाल्या, आणि ताटल्या घासायला बसल्या.

मी संध्याकाळी देवपूरला परतलो. चौऱ्याहत्तर सालापासूनच्या माझ्या दैनंदिनी कपाटात वर्षवार लावलेल्या आहेत. चौऱ्याण्णव सालची काढायला अर्धे मिनिट लागले. चौदा जूनचे पान. अक्षर आजच्यापेक्षा सुबक आहे. प्रार्थना, हजेरी, पुस्तकवाटप, आणि चौथी ओळ: 'झुंबरबाई झिपरू यांची विहिरीबाबत तोंडी तक्रार. नोंदवही दाखवून समज दिली.' खाली माझी सही.

ज्या बाईला वाचता येत नव्हते, तिला मी नोंदवही दाखवली होती.

ते पान मी पुन्हा पुन्हा वाचले. मनात एक गोष्ट आली, तीही लिहितो. त्या दैनंदिनीविषयी माझ्याखेरीज कोणालाच माहीत नव्हते. झुंबरबाईंकडे कागद नव्हता. मॅडम त्या काळी शाळेत नव्हत्या. जीवनभाऊंना खोल्या हव्या होत्या. मी गप्प राहिलो असतो, तर माझी अडतीस वर्षांची निर्दोष सेवा तशीच निर्दोष राहिली असती, आणि सोमवारी तुळयांवर पाया पडला असता. शनिवारी मी मॅडमना दूरध्वनी करून सही करू नका म्हणालो. कारण सांगितले नाही. रविवार तसाच गेला.

सोमवारी मी पोचलो तेव्हा जेसीबी फाटकात उभा होता. गावातली वीस-पंचवीस माणसे जमली होती. मुले वऱ्हांड्यात, ओळीने. जीवनभाऊ तापलेले होते. "मॅडम सही देत नाहीत. कारण विचारलं तर म्हणतात, खिचडीवाल्या बाई म्हणतात. उद्या म्हणाल, खिचडीत दिसलं!" दोघे-तिघे हसले. झुंबरबाई दारात उभ्या होत्या. त्या खाली पाहत होत्या. "आबा, तुम्ही जुने मुख्याध्यापक. तुम्ही सांगा. नोंद काय म्हणते?"

"नोंद खोटी आहे," मी म्हणालो. "ती मी केली."

मग दैनंदिनी उघडून ते पान मी मोठ्याने वाचले. तारखेपासून सहीपर्यंत, एकही शब्द न गाळता. 'समज दिली' ही ओळ दोनदा वाचली.

जीवनभाऊंनी दैनंदिनी हातात घेऊन ते पान स्वतः वाचले. मग त्यांनी चालकाला हाक मारली, "दीपक, मशीन मध्ये नको नेऊ. कडेलाच राहा. लांबून नुसती बकेट टेकव."

दीपकने लांबून बकेट पुढे केली आणि अलगद टेकवली. आवाज झाला नाही. मुरुमाचा पृष्ठभाग, सतरंजी मधे धरून कोणी खालून ओढावी, तसा आत गेला. वऱ्हांड्यात एक मूल मोजू लागले, "एक, दोन..." आणि मग खालून पाण्याचा आवाज आला. तुळया नंतर पडल्या, एकामागून एक.

वर गार वारा आला. ओल्या मातीचा, जुन्या लाकडाचा वास त्यात होता. मोठी माणसे मागे सरली. मुले मात्र जागची हलली नाहीत. त्यांच्या चेहऱ्यांवर नवल नव्हते. एका मोठ्या, अचूक गोलाच्या कडेला मैदान थांबले होते, आणि तो गोल त्यांनी सत्रभर काढला होता.

विहीर दिवाळीच्या सुट्टीत भरली. या खेपेला काठावर एक उलटे पातेले ठेवून झुंबरबाई त्यावर बसल्या. ट्रॉली रिती झाली की त्या एक चिंचोका डाव्या बाजूकडून उजवीकडे ठेवीत. आधी दगड, मग मुरूम, मग पाणी मारून पुन्हा मुरूम. मी समोर वही घेऊन बसलो. रोज संध्याकाळी माझा आकडा आणि त्यांचे चिंचोके आम्ही ताडून पाहत असू. एकदा माझी एक ट्रॉली जास्त भरली. आम्ही त्यांचे चिंचोके ग्राह्य धरले. खोल्या निंबाच्या पलीकडे, दक्षिणेच्या बाजूला बांधायचे ठरले.

या वर्षी जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी मॅडमनी मला बोलावले होते. पहिलीत सहा मुले आली होती. मैदान पूर्वीसारखेच सपाट होते. साडेबाराला झुंबरबाईंनी त्या सहांची ओळ केली आणि मोठ्याने मोजत त्यांना पायरीवरून काढले. मध्याजवळ ओळ वळली.

मी पुढे जाऊन म्हणालो, "बाई, विहीर भरली ना आता? तुमच्यासमोर भरली."

"भराई गई. मी दखेल शे."

"मग आता सरळ जाऊ द्या की त्यांना."

त्यांनी मोजणे थांबवले नाही, एकवीस, बावीस, तेवीस, आणि मग चालता चालताच म्हणाल्या, "दोन पावसाळा जाऊ द्या, गुरुजी. माती बसू द्या. मंग मीच लई जासू."

मिसबाह आता तिसरीत गेली आहे. ती निंबाखाली उभी होती. मी विचारायच्या आधीच तिने चप्पल काढली, दबकत मध्याच्या कडेपर्यंत गेली, एक पाय पुढे टेकवला आणि तसाच ठेवून उभी राहिली. बराच वेळ. मग पाय मागे घेतला, चप्पल घातली आणि वळसा घालून आपल्या वर्गात गेली. काय लागले, ते मी विचारले नाही.

मॅडमनी मालमत्ता नोंदवही माझ्यापुढे ठेवली. जुन्या नोंदीवर मी एक आडवी रेघ मारली, खाली तारीख घालून सही केली, आणि नवी नोंद लिहिली: विहीर बुजवली, दोनशे अकरा ट्रॉली, मोजणी झुंबरबाई झिपरू यांची. 'पूर्णपणे' हा शब्द लिहिला नाही. शेजारी त्यांच्या अंगठ्यासाठी जागा सोडली. त्यांनी हात पुसून ठसा दिला. मग मी फाटकाकडे निघालो. माझ्या पावलांनी ते अंतर कमी भरायला हवे होते. मी लहान पावले टाकली, ओळ गेली होती त्याच वळणाने, आणि सेहेचाळीस झाली तेव्हा हात फाटकावर होता.